त्रेसष्टावा कांदा

आयुष्यभर मी कांद्याला रोग लावायचं काम केलं आणि त्याचा पगार घेतला. हे वाक्य पाहुण्यारावळ्यांत बोललो की बायको डोळे वटारते, पण खरं ते खरं. परभणीजवळच्या एका संशोधन केंद्रावर मी कृषी सहायक होतो. बाकीच्यांचे प्लॉट हिरवेगार असायचे, पाट्या रंगवलेल्या, बांध झाडून घेतल्यासारखे स्वच्छ. आमचा प्लॉट तेवढा उभा करपलेला. आणि तो जितका जास्त करपेल तितकं आमचं काम चांगलं.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. कांद्याच्या पातीवर जांभळा करपा नावाचा बुरशीचा रोग येतो. आभाळ भरून राहिलं, दव पडायला लागलं, की पातीवर आधी एक पांढुरका, खोलगट ठिपका दिसतो. मग तो लांबट होतो, मधोमध जांभळा पडतो, आणि एक दिवस पात तिथंच मोडून लोंबायला लागते. पात गेली की कांदा पोसत नाही, लिंबाएवढा राहतो. औषधं आहेत, पण कांद्याची पात गुळगुळीत आणि मेणचट, तिच्यावर औषध ठरत नाही, आणि आठ-आठ दिवसांनी फवारणं लहान शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून आमच्या मोठ्या साहेबांनी मनावर घेतलं होतं की औषधावाचून या रोगात तग धरेल असा कांदा काढायचा.

तो काढायचा कसा, तर गावोगावचे वाण गोळा करून एकेकाची एक ओळ लावायची आणि रोग येईल याची जातीनं व्यवस्था करायची. दर चार ओळींनंतर एक ओळ अगदी नाजूक वाणाची, म्हणजे तिला रोग आधी होतो आणि तिच्यावरून शेजारणींकडं जातो. गेल्या वर्षीची रोगट, वाळकी पात आम्ही पोत्यात घालून जपायचो. ती पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, आणि ते पाणी दिवस कलला की पातीवर फवारायचं. आमच्याकडं माघ-फाल्गुनात हवा कोरडी, म्हणून वाफ्यांभोवती ओल्या गोणपाटांचे आडोसे उभे करायचे. एवढं करून वाट बघायची. जी झाडं या सगळ्यातून हिरवी राहतील त्यांचे कांदे वेगळे काढायचे आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जमिनीत लावून त्यांचं बी धरायचं.

बी धरताना फुलांच्या गोंड्यांवर मलमलच्या पिशव्या बांधतात, म्हणजे बाहेरची मधमाशी भलताच पराग आणत नाही. पण आत कुणीतरी फिरायला हवंच, म्हणून पिशवीत घरमाश्या सोडतात. त्या माश्या आम्हीच वाढवायचो. सरकारी नोकर माश्या मारतात म्हणून लोक चेष्टा करतात. मी त्या पाळल्या आहेत.

एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कांद्याच्या बियापासून कांदा व्हायला एक वर्ष लागतं आणि त्या कांद्यापासून बी व्हायला दुसरं. मधले पाच महिने, वैशाखापासून दसऱ्यापर्यंत, निवडलेले कांदे नुसते सांभाळायचे असतात. कांद्याचं जुनं बी नीट उगवत नाही, तेव्हा मागं वळून पुन्हा सुरुवात करायची सोय नाही. निवडलेले कांदे गेले की ती निवड कायमची गेली.

आमच्याकडं येणाऱ्या लोकांची करमणूक व्हायची. एकदा वरून एक अधिकारी आले, आमच्या वाफ्यांपुढं थबकले आणि म्हणाले, "इथला सहायक कोण?" मी छाती काढून पुढं झालो. म्हणाले, "लाज वाटत नाही?" साहेब त्यांना समजावून सांगेपर्यंत ते मोटारीत जाऊन बसलेही. वालूरचे एक शेतकरी उपरण्यात रोगट पात बांधून औषध विचारायला आले होते. आमचा प्लॉट बघून त्यांनी गाठ सोडलीच नाही. म्हणाले, "सायब, तुमचंच घर लय बिमार दिसायलंय. त्या मानानं माझं बरं हाय म्हणायचं." आणि चहा घेऊन, समाधानानं परत गेले.

असं हसण्यासारखं पुष्कळ आहे. दिवाळी अंकासाठी तेच लिहावं असं आधी ठरवलं होतं. पण कागद पुढं ओढला की दर वेळी धुरपताबाईच समोर येतात, तेव्हा आता त्यांचंच लिहितो.

धुरपताबाई आमच्या प्लॉटवर रोजंदारीनं होत्या. आज मी त्यांना अहोजाहो करतोय. तेव्हा अगं-तुगं करायचो. त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या होत्या, पण त्या मजूर आणि मी सहायक, त्या दलित वस्तीतल्या आणि मी गावातल्या चौसोपी घरातला, म्हणून "धुरपता, पाणी सोड," असंच तोंडात बसलेलं. यात काही चुकतंय असं मला कुणी सांगितलं नाही, आणि माझं मलाही सुचलं नाही. नवरा वारलेला, थोरल्या लेकी सासरी, घरात डोळे गेलेली सासू आणि धाकटी सुमन. दोन-अडीच कोस चालत यायच्या आणि मुकादमाच्या आधी हजर असायच्या.

रोगाचे गुण द्यायचे असतात. पात स्वच्छ असेल तर शून्य, सगळी जळाली तर पाच. दव वाळलं की मी वही घेऊन ओळीत शिरायचो आणि एकेका झाडाला आकडा द्यायचो. धुरपताबाईंना आकडे येत नव्हते. त्यांच्या जवळ तीनच शब्द होते. हे गेलं, हे जायलंय, आणि हे ऱ्हायलं.

एकदा मी एका झाडाला खुणेचा दोरा बांधत होतो. त्या मागून म्हणाल्या, "सायब, त्याला नका बांदू. जायलंय त्ये."

"अगं, एक ठिपका नाही त्याच्यावर."

"ठिपका न्हाई, पर त्याची कळा गेलीय. शेंड्याकडं बगा की."

मला शेंड्यात काही दिसलं नाही. मी दोरा बांधला. चौथ्या दिवशी ते झाड मानेपासून लोंबत होतं. त्यानंतर मी आकडा लिहिण्याआधी तिरक्या नजरेनं त्यांच्याकडं बघायला लागलो. साहेबांना वाटायचं की माझी नजर तयार झाली. मी त्यांना तसं वाटू दिलं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा हंगाम आमच्या कामाच्या दृष्टीनं फार चांगला गेला, म्हणजे फेब्रुवारीत आभाळ आलं आणि प्लॉट पार झोपला. त्यातून धुरपताबाईंनी "ऱ्हायलं" म्हटलेली आणि मी शून्य किंवा एक गुण दिलेली झाडं निघाली त्रेसष्ट. पाच वर्षांत एवढी निवड कधी जमली नव्हती. साहेब त्या कांद्यांकडं बघून लहान मुलासारखे हसले होते.

आता प्रश्न सांभाळायचा. आमचं गोदाम पत्र्याचं, खताच्या पोत्यांशेजारी, पावसाळ्यात आत घाम फुटायचा. आदल्या वर्षीचे अर्ध्याहून जास्त निवडलेले कांदे तिथं सडले होते. मी एकदा वैतागून हे बोलत होतो, तेव्हा धुरपताबाई म्हणाल्या, "आमच्या घरी दिवाळीपस्तोर ऱ्हात्यात की. चुलीवर आढ्याला टांगते मी. धूर लागला की सडत न्हाईत."

मला ते पटलं. साहेबांना मात्र विचारलं नाही. सरकारी कांदे मजुराच्या घरी, तेही त्या वस्तीत, हे कोणत्याच नियमात बसणारं नव्हतं. प्रत्येक कांद्याच्या मानेला नंबराचा बिल्ला बांधला, जुड्या केल्या आणि बांबूच्या टोपलीत घालून त्यांच्या हवाली केल्या. देताना म्हणालो, "हे सरकारी आहेत बरं का. एक जरी कमी भरला तर माझी नोकरी जाईल. तुझं मस्टरवरचं नाव त्याच्या आधी जाईल."

मी अर्धवट चेष्टेत बोललो होतो. पण ज्याचं पोट मस्टरवर आहे त्यानं ती चेष्टा समजावी असं त्यात काही नव्हतं. तेव्हापासून त्या रोज चूल विझली की कांदे मोजायच्या, हे मला फार पुढं कळलं.

दर पंधरवड्याला मी सायकलवरून जाऊन बघून यायचो. दारातच उभा राहायचो. त्या टोपली बाहेर आणायच्या, सुमन बिल्ल्यांवरचे नंबर मोठ्यानं वाचायची आणि मी वहीत खूण करायचो. पोरगी चुणचुणीत होती. त्याच वर्षी सातवी पास झाली होती आणि आठवीला परभणीला जायचं म्हणत होती. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची यादी ऑगस्टअखेर लागायची होती. गावच्या शाळेतून दाखला काढून आणलेला होता. धुरपताबाईंनी तो पत्र्याच्या पेटीतून काढून मला दाखवला. "बरुबर हाय का सायब? आमाला काय कळतंय." मी उभ्या उभ्या चाळला आणि बरोबर आहे म्हणालो. "च्या टाकू का?" असं त्या दर खेपेला विचारायच्या. आत्ताच झाला, असं मी दर खेपेला सांगायचो. कधीच झालेला नसायचा. त्या घराचं आढं, जिथं माझे पाच वर्षांचे कष्ट टांगलेले होते, ते मी एकदाही आत जाऊन पाहिलं नाही.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला आणि आमच्याकडं वस्त्या पेटल्या. धुरपताबाईंच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात, त्यांत पेटवायला गेलेली आहेत आणि विझवायला न गेलेलीही आहेत. मी दुसऱ्या प्रकारातला. माझ्या स्वतःच्या गावात मी त्या दिवसांत दाराला कडी घालून बसलो होतो आणि हे आपल्याला नको, एवढंच घरात बोललो होतो.

एसटी बंद होत्या. सायकलवर कसाबसा केंद्रावर पोचलो तर गोदामाच्या ओट्यावर धुरपताबाई बसलेल्या. अंगावरच्या लुगड्याचा काठ जळून काळा झालेला, पायांत काही नाही. फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली सासू आणि सुमन दिसत होत्या. मला बघून धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "कांदे?"

हा शब्द मी पुष्कळदा मनात खोडून बघितला आहे. त्या जागी "बाई, लागलं का कुठं?" किंवा नुसतं "बसा" असं घालून बघितलं आहे. पण तोंडातून गेला तो हाच.

त्यांनी ओट्यामागून टोपली काढली. वर ओलं फडकं झाकलेलं. "आणलेत सायब. मोजून घ्या."

आणि मी मोजले. तिथंच, ओट्यावर, त्यांना समोर उभं ठेवून, एकेक बिल्ला बघत. बासष्ट भरले. पुन्हा मोजले. बासष्टच.

"एक कमी भरतोय," मी म्हणालो.

त्यांनी टोपलीत हात घालून बघितलं. पदर झटकला. मग म्हणाल्या, "वाटंत पडला आसंल, सायब. जाऊन बगू का?"

मी नको म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. आलेल्या वाटेनं, खाली बघत, त्या परत निघाल्या.

कोणता नंबर गेला हे लिहून ठेवावं म्हणून मी वही उघडली. तिथं माझ्याच अक्षरात, मागच्या खेपेच्या पानावर लिहिलेलं होतं की सतरा नंबर सडला, काढून टाकला. त्यांच्याच दारात मी तो हातानं उकिरड्यावर फेकला होता. घाबरलेल्या डोक्यात मे महिन्यातला आकडा तेवढा राहिला आणि जुलैतली नोंद गेली.

मी पळत सुटलो. त्या ओढ्यापर्यंत पोचल्या होत्या आणि काठावरचं गवत पायानं बाजूला करून बघत होत्या. "परत ये," मी ओरडलो. "सापडला!"

सापडला, असं म्हणालो. माझी चूक होती, असं म्हणालो नाही. त्यांचं तोंड उजळलं. "बरं झालं बाई," म्हणाल्या. ते उजळलेलं तोंड आठवलं की मी आजही शरमतो.

परत येताना त्यांनी थोडं सांगितलं. घराला आग लागली तेव्हा दिवस मावळतीचा होता. सुमन शेळीमागं रानात गेली होती, ती यांना नंतर ज्वारीत लपलेली सापडली. घरात म्हातारी आणि या.

"येका हातात म्हातारीचा हात व्हता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात टोपली घेतली. पेटी ऱ्हायली."

"पेटी घ्यायचीस ना," मी म्हणालो. सहज बोलावं तसं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मी काहीतरी विसरतोय असं. "कांदे सरकारी हायत ना, सायब. पेटी आमचीच व्हती."

साहेबांनी त्यांना मजुरांच्या शेडमध्ये राहू दिलं. ते भले गृहस्थ होते, कुणाला विचारत बसले नाहीत. कांदे सुखरूप बघून त्यांनी मला विचारलं की कुठं ठेवले होतेस. मी म्हणालो, सुरक्षित जागी. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

चार-सहा दिवसांनी धुरपताबाई माझ्याकडं आल्या. त्यांनी मला जे मागितलं ते आयुष्यात एवढंच. "सायब, पोरीचा शाळंचा कागद पेटीत जळाला. तुमच्या चिठ्ठीनं दुसरा मिळंल का? यादी लागंपस्तोर पायजे."

मी म्हणालो, "बघतो."

मराठीत हा मोठा सोयीचा शब्द आहे. मी खरंच बघणार होतो. पण गावात जायचं म्हणजे त्या गावात जायचं, आणि तिथले लोक विचारणार, तुम्ही कुणाच्या बाजूनं आलात. शिवाय कांद्यांना आता जागा शोधायची होती. मी ऑफिसच्या वरच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून दोनदा जुड्या फिरवल्या, पाऊस आला की धावत जाऊन खिडक्या लावल्या. कांद्यांसाठी मला वेळ सापडत होता. धुरपताबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. मी बघतो म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, "अगं, शाळेचं दप्तरच जळालं असेल. कुठून मिळणार?" मी काही चौकशी केली नव्हती. आपलं, तोंडाला आलं ते बोललो.

"आसंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

यादी लागली आणि त्यात सुमन नव्हती. दसऱ्यानंतर आम्ही कांदे लावायला घेतले, तेव्हा ती आईबरोबर वाफ्यात आली. तेरा वर्षांची पोरगी मस्टरवर घेता येत नाही. मी वय अठरा लिहिलं. तिच्या आईला मदत करतोय असंच मला तेव्हा वाटलं होतं.

त्या कांद्यांचं पुढं काय झालं, हे वाचक विचारतीलच. बासष्टातून बी आलं. ते पुन्हा रोगात लावलं, पुन्हा निवडलं, असं सात-आठ वर्षं चाललं. पिशव्या बांधायला सुमनसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यातून एक ओळ खरोखर चांगली निघाली. भोवती सगळं जळत असताना ती पाऊण हिरवी राहायची. साहेबांचं नाव झालं, मला बढती मिळाली. मग ती आम्ही शेतकऱ्यांकडं चाचणीला दिली. पेडगावच्या शेतात ती करप्यात उभी राहिली, शेतकऱ्यानं तिचं तोंडभर कौतुक केलं आणि कांदा घेऊन तो गंगाखेडच्या बाजाराला गेला. दुपारी परत आला. "सायब, कांदा निरोगी हाय, पर चपटा हाय आन् रंगानं फिका. येपारी हात लावंनात." लोकांना लाल, गोल कांदा पाहिजे. आम्ही पात बघत राहिलो, खालचा कांदा बघायचं राहून गेलं. तिचा दुसऱ्या वाणाशी संकर करू असं ठरलं. साहेब निवृत्त झाले, नव्या साहेबांचा विषय वेगळा होता. एका वर्षी तिचं बी धरायचं राहिलं, दुसऱ्या वर्षी जुनं पेरलं तर उगवलं नाही. एवढ्यावर ती संपली. ज्यांच्यासाठी ती पेटी मागं राहिली, त्या कांद्यांतलं आज जगात एक बीही नाही. मला हे सहन होत नाही, पण असं आहे.

धुरपताबाई ब्याण्णवच्या सुमारास वारल्या. परभणीत एका वस्तीत त्यांनी खोली बांधली होती. मी गेलो होतो, आणि त्या दिवशी आत गेलो.

चौऱ्याण्णव उजाडलं, नामांतर झालं. सुमननं सगळ्या प्लॉटवर पेढे वाटले. त्याच वर्षी मी निवृत्त व्हायचा होतो, आणि त्याच वर्षी जुन्या रोजंदारी मजुरांना कायम करायची यादी निघाली. वयाचा पुरावा मागितला होता. मस्टरप्रमाणे सुमन चौतीस वर्षांची, खरी एकोणतीस. जवळ एकही कागद नाही. मोठ्या वयानं तिची शेवटची पाच वर्षांची नोकरी जाणार होती आणि पुरावाच नसला तर सगळीच. ती माझ्या टेबलापाशी आली.

"सायब, शाळंचा दाखला लागायलाय. मला त्या गावात येकलीला जाऊ वाटंना. येताव का संगं?"

या वेळी मी बघतो म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो.

वाटेत मी तिला सांगून टाकलं. सोळा वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात सांगितलं. कांदा कमी नव्हता, चूक माझ्या वहीची होती, तुझ्या आईला मी उगाच त्या वाटेवर परत पाठवलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"आईला ठावं व्हतं," ती म्हणाली. "ती रोज मोजायची न्हवं का. सडका तुमी टाकला त्ये बी बगितलं व्हतं तिनं. बासष्टच व्हते."

"मग शोधायला का गेली?"

"तुमी म्हणलाव ना कमी हाय," सुमन म्हणाली.

ज्या माणसाला एका ठिपक्याआधी झाडाची कळा कळत होती, त्या माणसाला माझी वही चुकलीय हे कळलं नसेल असं मी मानत आलो होतो. त्यांना सगळं कळत होतं. फक्त मला सांगायची सोय नव्हती, आणि ती सोय मीच ठेवली नव्हती.

गाव आलं. ड्रायव्हर पारावर चहा प्यायला उतरला. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर, जुनी, दगडी, कुठं काही जळाल्याची खूण नाही. मुख्याध्यापक तिशीतले होते. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांनी शिपायाला हाक मारली, शिपायानं लाकडी कपाटातून लाल कापडी पाठीचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. अठ्ठ्याहत्तरचं पान उघडलं तर वरून तिसरं नाव सुमनचं. मुख्याध्यापकांनी छापील कागद घेतला, एकेक रकाना बघून उतरवला, सही केली, शिक्का मारला. "दुसरी प्रत असं वर लिहिलंय," म्हणाले. "काही अडचण येणार नाही."

आम्ही बाहेर आलो तर ड्रायव्हरचा चहा अजून चालूच होता. ज्या गाडीनं आलो होतो त्याच गाडीत, त्याच बाकावर परत जाऊन बसलो. मी सोळा वर्षं जे टाळलं होतं ते एका चहाच्या वेळात झालं होतं.

सुमननं कागद मांडीवर उघडला आणि बोट ठेवून वाचायला लागली. सातवीपर्यंतचं वाचणं, सावकाश, शब्द तोडत. नाव वाचलं. जन्मतारीख दोनदा वाचली. इयत्ता वाचली. वर्तणूक चांगली, असं वाचून जराशी हसली. "शाळा सोडण्याचं कारण," असं वाचलं आणि थांबली. मला वाटलं अक्षर लागलं नाही, म्हणून मी वाकून बघितलं. रजिस्टरात त्या वेळच्या मास्तरांनी जे लिहिलं होतं तेच उतरवलं होतं, आणि अक्षर अगदी स्वच्छ होतं. पुढील शिक्षणासाठी.

सुमननं कागदाची घडी घातली.

"तारीख बरुबर हाय, सायब," ती म्हणाली. "काम व्हईल."